धाकट्याने माझ्या जागी येऊ नये म्हणून

मी, खाली सही करणारा, वय वर्षे तेवीस, पाचवीतून पळालेला, सध्या किरणोत्सारी धातूची पूड हाताळतात त्या कारखान्यात साफसफाईला. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. प्यायलेलो नाही, कोणी दमही दिलेला नाही.

कारण असे. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी एकदा पूड आणि किरण मोजणारे यंत्र यांच्यामध्ये वहीचा कागद धरला आणि यंत्राची टकटक बंद. म्हणाल्या, "पुडीतून सुटणारा अल्फा कण एवढ्यानेच अडतो." रबरी मास्कमध्ये माझा जीव घुसमटायचा. मग मी कागदाचाच मास्क केला, सात महिने वापरला. कण कागदाला अडतो, पण पूड कडेने आत शिरते, हे डोक्यात आलेच नाही. आता ती छातीत आहे.

माझे किती दिवस उरले, विचारले. मॅडम म्हणाल्या, "अरे, अणूच्या आत कण भिंतीवर धडकत असतो. ती ओलांडायची ताकद त्याच्यात नसते. तरी एखादे वेळी तो बाहेर आलेला असतो, आणि भिंतीला भोकसुद्धा नसतं. ढिगातले निम्मे अणू कधीपर्यंत फुटतील ते सांगता येतं. एकट्याचं नाही." डॉक्टर माझ्याबद्दल तेच बोलले, फक्त कमी शब्दांत.

तर,

१. ड्रिल आणि पाने माझ्या खोलीत राहणाऱ्या वेल्डरला. माझा चार्जर त्याने तोडला आहे, तरीही.

२. मुकादमाला काही नाही. कागदी मास्क बघून म्हणाला होता, "काय रे, नाटकात काम मिळालं का?" त्यापेक्षा त्याने माझ्या एक कानाखाली ठेवून द्यायची होती आणि रबरी मास्क घालायला लावायचा होता.

३. घरी मी बांधलेली खोली आई आहे तोवर आईची. नंतर धाकट्या भावाची. अट एकच, त्याने माझ्या जागी इथे कामाला येऊ नये. आजारी कामगाराच्या भावाला इथे घेतात, आणि त्याने अर्ज भरला आहे. फोनवर सांगितले, "येऊ नकोस, माझी शपथ आहे." तर म्हणतो, "दादा, घरून निघताना तू कोणाचं ऐकलं होतंस?" मागून आई म्हणाली, "जेवलाय का विचार त्याला."

४. कलम तीनमधली अट मीच रद्द करतो. तो येणारच, माझाच भाऊ आहे. आला तरी खोली त्याचीच. परत जायला जागाच नसेल, तर तो इथून हलणार कसा?

साक्षीदार : वेल्डर, वाचून सही केली.
साक्षीदार : मॅडम, सही केली.
लिहून देणार : मी स्वतः.
स्थळ : कामगार वसाहत, खोली नऊ.
तारीख : चौदा ऑक्टोबर.