कुणालाच कल्पना नव्हती

अण्णा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सातपूरच्या ज्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात, तिथून माझं ऑफिस दोन चौकांवर आहे. इथे खोलायला मशीन नाही, नुसता कोड. दवाखान्यांच्या पेशंटांना तारखेची आठवण करून देणारे मेसेज आम्ही पाठवतो. तो कोड कोण कोण लिहून निघून गेलं, आता अख्खा कुणालाच कळत नाही. तुम्हाला हे पटलं नसतं. कॉलेजात असताना मी घरचा मिक्सर खोलून परत जोडला, एक स्प्रिंग उरली, तरी तो फिरतोय म्हणून मी मिरवत होतो. तुम्ही प्लग काढलात. "फिरतंय म्हंजे कळलं आसं नाय. ही कशाची ते सांग, मंग लाव." मला सांगता येईना. दोन दिवस आई पाट्यावर चटणी वाटत होती आणि चिडत होती माझ्यावर.

मागच्या महिन्यात कोडचा एक जुना तुकडा दिसला, बिनकामाचा वाटला. मी चारही टीमना विचारलं, "हे तुमचं आहे का?" सगळे नाही म्हणाले. ते काय करतं, हे मात्र मी कुणालाच विचारलं नाही. काढून टाकलं. तारीख बदलली की डायलिसिसच्या पेशंटांना कळवायचं काम तोच तुकडा करत होता. घोटीकडचे एक आजोबा नव्या तारखेला घरीच बसून राहिले आणि शेवटी त्यांना अॅम्ब्युलन्समधून आणावं लागलं. वाचले, एवढंच.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कुणालाच माहीत नव्हतं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. पण मी तो तुकडा काढायच्या आदल्याच दिवशी माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हणाली होती, "थांब ना जरा. नक्की नाही सांगता येत, पण तारखांशी काहीतरी संबंध आहे असं वाटतं." मी हसून म्हणालो होतो, "वाटतं म्हणून काय काम थांबवायचं?" मीटिंगमध्ये ती माझ्याकडे बघत होती आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. फार थकलोय, अण्णा. लाजही वाटते.

रिपोर्ट मलाच लिहायचा होता. 'कुणालाच कल्पना नव्हती' असं लिहिलं आणि खाली तिचीही सही घेतली. तिने केली.

हे खरं तर तिला लिहायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.