मीटर एका वाट्यात, सोल्डरगन दुसऱ्यात

१४ नोव्हें. ९७
धाकटा बाळू आळेफाट्याहून ट्रकमधला जळका टेप घेऊन आला. तिथल्या गॅरेजवाल्याने भंगारात टाकलेला. पडवीत बसून उघडला. आमचं ठरलेलं आहे: मीटरचा काटा मी वाचायचा, सोल्डरगनने डाग त्याने द्यायचा. माझा हात थरथरतो आणि धाकट्याला पुस्तकाचा कंटाळा. "दादा, तू नुस्तं गेलंय का हाय तेवढं सांग. आकडं नको सांगू." ट्रान्झिस्टर गेलेला. जुन्या रेडिओतला काढून बसवला. भपकन धूर. आई चुलीपासून म्हणाली, "झालं का जाळून? आता जेवा."

२० नोव्हें.
धूर का निघाला ते कळलं. दुरुस्तीच्या पुस्तकातलं ट्रान्झिस्टरचं चित्र पायांच्या बाजूने काढलेलं आणि आम्ही शहाणे वरून बघत होतो. तिन्ही पाय उलटे! दुसरा बसवला. आधी खरखर, मग एकदम स्वच्छ भजन. बाळू पडवीभर नाचला. मी पण. चाळिशीला आलेल्या माणसाने नाचावं का, असं सौ. म्हणाली.
रात्री तिचं आणि मंगलचं (बाळूची बायको) पुन्हा वाजलं. दळण कोणी आणायचं यावरून.

५ डिसें.
बाळू उसाला पाणी देताना म्हणाला, "दादा, आमी येगळं निघतो." मी म्हटलं, मंगलने सांगितलं का. "तिचं नाव घेऊ नको. मीच म्हंतोय." तो पाण्याची दारं मोडत गेला, मी मागे मागे. त्याला चालायला मी शिकवलं होतं. आज कसंतरीच होतंय.

१८ डिसें.
ओतूरचे मामा आले. जमीन, बैल, भांडी, सगळ्याचे वाटे झाले. भांडण नाही, आवाज नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.
पडवीतली फळी, आमच्या दुरुस्तीच्या सामानाची, तेवढी राहिली. मी म्हटलं, ते राहू द्या सामाईक. मामा म्हणाले, "सामाईक ठेवलं का तिथंच भांडाण उगवतं. त्याचंबी वाटं पाडा." रीत सगळ्यांना माहीत आहे. वाटे थोरल्याने पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. उद्या सकाळी.

१९ डिसें., पहाटे
वाटे पाडून बसलोय. एकात मीटर, पुस्तक, स्पीकर. दुसऱ्यात सोल्डरगन, शिशाची तार, पेस्ट, सुट्या पार्टांचा डबा. मुद्दाम. तो सोल्डरगन उचलणार, त्याचाच हात तो. मीटर माझ्याकडे राहील. मग त्याचं मीटरवाचून अडेल, माझं डागावाचून. भिंत घातली तरी येणं-जाणं राहील. कोणाला सांगितलं नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

त्याच दिवशी, दुपार
बाळूने दोन्ही वाटे वाकून बघितले. मग माझ्याकडे बघून, "दादा, मीटर हिकडं आन् गन तिकडं? ह्ये मुद्दाम केलंस ना?" सगळे बसलेले. मामा, मंगल, शेजारचे. त्यांच्यासमोर काय सांगू, की तू येत राहावंस म्हणून? मी पार्टांचा डबा सरळ करत बसलो. तो म्हणाला, "मला अडवून धरायचं व्हतं व्हय." आणि मीटरचा वाटा उचलला.
मीटरचा. आकडे नको म्हणणारा.
मला रडू आलं. मागे गोठ्यात जाऊन रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

११ जाने. ९८
मधली भिंत झाली. विटा त्याने आणल्या, माती मी कालवली. कामापुरतं बोललो.
माळ्याचा रेडिओ आलाय दुरुस्तीला. मीटर नाही. सेल आणि टॉर्चचा बल्ब तारेला जोडून तार कुठे तुटली ते शोधलं. सापडली. डाग दिला तो फुटाण्याएवढा, शेजारच्या तांब्याच्या रेघेला चिकटला. बाळूने बघितला असता तर आठवडाभर चिडवलं असतं.

२ फेब्रु.
आई दोन्ही घरी जाते. म्हणाली, "तो चुलीत तांब्याची कांडी तापिवतो आन् तिनं डाग देतो. बोट भाजलंय." मी इकडे बल्बने चाचपडतोय, तो तिकडे चुलीत कांडी घालतोय. मध्ये एक वीट रुंदीची भिंत.
सोल्डरगन फडक्यात गुंडाळून आईकडे दिली. घेऊन जा, वापर म्हणावं. नंतर परत दे नाहीतर देऊ नको.
संध्याकाळी तशीच परत आली. फडकंही सोडलं नव्हतं. बाळूचा निरोप, "वाटं झालं म्हन त्याला. आता घेनं न्हाय, देनं न्हाय."
वाटे तसे का पाडले ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला सांग की." जाऊन सांगावं. त्याच्या दारापर्यंत गेलो. मंगल अंगण सारवत होती, ओलं होतं. परत आलो.

२२ मार्च
बाळू-मंगल आळेफाट्याला राहायला गेले. त्याच्या वाट्याचा ऊस मला खंडाने कसायला दिला, मामांच्या हातून निरोप. त्याने रेडिओ-टेप दुरुस्तीचा गाळा घेतलाय म्हणे. जाताना आईच्या पाया पडला. माझ्याही पडला. डोक्यावर हात ठेवला तेव्हा बोलायला हवं होतं. टेम्पोवाला घाई करत होता.

१९ एप्रिल
आज गेलो. पारगावहून एसटी, पुढे जीप. मनाशी वाक्य घोकत गेलो: बाळू, तू येत राहावंस म्हणून तसे वाटे पाडले होते.
गाळा लहान पण नीटनेटका. नवी सोल्डरगन. गिऱ्हाईक बसलेलं. बाळू एका हाताने मीटरच्या दोन्ही कांड्या धरून काटा वाचत होता, आकडा कागदावर मांडत होता. शिकला. किती बरं वाटलं, आणि किती वाईट.
मला बघून उठला. "या, बसा दादा. तुमी कधी आला?"
तुमी. आयुष्यात पहिल्यांदा. चहावाल्याला हाक मारली, "एक पेशल, पावणं आलेत." गिऱ्हाइकाने विचारलं, कोण हो? "गावाकडचं."
घोकलेलं सगळं विसरलो. चहा संपला. त्याने बशी उचलली आणि अदबीने विचारलं, "काय काम व्हतं का?"
म्हटलं, नाही, सहजच.
सहज आलेल्या माणसाला किती वेळ बसता येतं. पुढच्या वेळी काहीतरी बिघडलेलं घेऊन गेलं पाहिजे. आल्यापासून घरभर बघतोय. रेडिओ चालू, टेप चालू, सौ.ची इस्त्रीसुद्धा चालू.