देसाई, अंगडी आणि मध्ये अक्का

४ नोव्हेंबर, मंगळ.
न्यूझीलंडहून मेल आली. व्हिसा नाकारला नाही, दिलाही नाही. पती-पत्नीची आडनावं वेगळी, लग्नानंतर एकत्र राहिल्याचा काळ थोडा, पासपोर्टवर अजून दिवंगत पतीचं आडनाव. लग्न खरं असल्याचा आणखी पुरावा द्या, महिन्याच्या आत.
स्टाफरूममध्ये वाचली. पुढचा तास नववी ब. फळ्यावर त्रिकोण काढला आणि बाजूंना नावं द्यायचीच विसरले. मुलं पेन उघडून वाट बघत बसली.
घरी अक्काला सांगितलं नाही.

५ नोव्हें., बुध.
मधल्या सुट्टीत गिरीशला फोन. तिकडे रात्रीचं जेवण चाललं होतं. दुधाच्या कारखान्यात कूलिंगची मशिनं सांभाळून दमून येतो, हे लक्षात ठेवायला हवं होतं मी.
"बदलून टाक की आडनाव. वृंदा अंगडी. मुगीतु, संपलं."
"बघू."
"लग्नाआधी पण बघूच म्हणत होतीस."
मग माझा आवाज चढलाच. आम्ही कानडीतच भांडतो. मराठीत त्याला नीट भांडता येत नाही आणि मलाच वाईट वाटायला लागतं. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, "सुहासबद्दल माझ्या मनात काही नाही. पण इथं कुणी बायकोचं नाव विचारलं की मी दुसऱ्याचं आडनाव सांगतो. ते मला कसं वाटतं, एवढं तरी विचार."
तेवढ्यात घंटा झाली. बरं झालं. नाही, बरं नाही झालं.

८ नोव्हें., शनि.
शाळा सुटल्यावर तशीच हुबळी. कोप्पीकर रोडवर जिन्यावरचं एक व्हिसावाल्याचं ऑफिस. माणूस वाईट नाही, घाईत आहे. मोबाइलमधले आमचे फोटो भराभर सरकवत होता. मध्येच थांबला.
"सगळ्यांत ह्या आजी आहेत. कोण?"
"सासूबाई."
"म्हणजे अंगडींच्या आई."
"नाही. पहिल्या नवऱ्याच्या आई. आम्ही एकत्र राहतो."
त्यानं चष्मा काढला. म्हणाला, मॅडम, तिकडच्या ऑफिसरला हे कसं समजावू? विधवा सून, तिची आधीची सासू, त्यांच्याच घरात राहून गेलेला नवा नवरा. त्याला वाटणार, भाडेकरूशी कागदावर लग्न लावलं. "आजींना फोटोतून कापा. नाहीतर उणकलच्या तळ्यावर जा, तीनचार साड्या घेऊन जा, नवे काढा."
"नवरा तर तिकडे आहे."
"हां. ते एक आहेच."
बसमध्ये एका फोटोतून अक्काला कापून बघितलं. गिरीशच्या खांद्यावर तिचा हात तेवढा राहिला. पुसून टाकला तो फोटो.

९ नोव्हें., रवि.
काल झोप नीट नाही. सकाळपासून कपाटं आवरत सुटले.
अक्का माझी सासू. 'पहिली' असं लिहायला हात वळत नाही. दुसरी आहेच कुठे, गिरीशची आई तो लहान असतानाच गेली. सुहास गेल्यावर सगळ्यांना वाटलं मी माहेरी कोल्हापूरला जाणार. गेले नाही. अक्का "राहा" म्हणाली नाही, "जा" पण म्हणाली नाही. रोज दोघींचा भात लावत राहिली.
गिरीश फ्रिज दुरुस्त करायला आला होता. अक्कानंच त्याला बसवून चहा दिला, आणि तिसऱ्या खेपेला, फ्रिज चांगला चालत असताना, सरळ विचारलं, लग्न का केलं नाहीस म्हणून. रजिस्टर ऑफिसात साक्षीदार तीच. त्यानंतर तो जाईपर्यंत आम्ही तिघं इथंच, रायापूरला.
मेलमध्ये व्हॉट्सॅपवरचं बोलणंही मागितलंय. वाचून काढलं. प्रेमाचं फार काही नाही. 'अक्काच्या बीपीच्या गोळ्या आणल्या का', 'मोटर दुरुस्त झाली का', 'जेवलास का'. परक्या माणसानं यातून काय ओळखायचं?

११ नोव्हें., मंगळ.
अक्काला कळलं. व्हिसावाल्यानं घरच्या नंबरवर फोन केला आणि तिनं उचलला. मी आले तेव्हा पदर खोचून बसलेली.
"माझ्यामुळं अडलंय होय?"
"तुमच्यामुळं नाही हो. आडनावामुळं."
"मग बदल की. देसाई काय मी जन्मानं आहे? मलाही चिकटवलंच होतं."
"मला नाही बदलायचं."
"का बा?"
अक्काला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा काउंटरवर मी 'देसाई' म्हटलं आणि कुणी पुढे काही विचारलं नाही, ते आठवलं. आता ह्या आडनावाच्या आम्ही दोघीच. मी सोडलं तर ती एकटी. हे तिच्या तोंडावर कसं म्हणू?
तिनं शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाली, "मी सांगते की त्या लोकांना. लग्न मी लावलंय. मला विचारा म्हणावं."

१५ नोव्हें., शनि.
कोर्टाजवळच्या नोटरीकडे अक्काचं प्रतिज्ञापत्र. इरकल नेसून, जणू कुणाच्या बारशाला निघाली. नोटरी कानडीत विचारत होता, टायपिस्ट टाइप करत होती.
"ह्या तुमच्या कोण?"
"आकी नन्न सोसी." माझी सून.
"आणि गिरीश अंगडी?"
"अंव नन्न अळिया." माझा जावई.
टायपिस्टचे हात थांबले. नोटरी म्हणाला, अज्जी, एकाच लग्नात सून पण तुमची आणि जावई पण तुमचा, असं कसं?
अक्का म्हणाली, "मुलगा गेला. ही राहिली. मग हिचं लग्न मी केलं. ज्याला दिली तो जावई नाही तर कोण?"
नोटरी टायपिस्टला म्हणाला, हे असंच लिहा.
बाहेर आल्यावर मला रडू आलं. अक्का रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होती, तिला दिसलं नाही. किंवा दिसलं.

१८ नोव्हें., मंगळ.
सगळं पाठवलं. फोटो अक्कासकट.
गि.ला नोटरीकडचं सांगितलं. "अळिया म्हणाली?" दोनदा विचारलं त्यानं. मग म्हणाला, "आडनाव राहू दे. मी उगाच बोललो."
मला हलकं वाटायला हवं होतं. पण लगेच म्हणाला, "वृंदा, एक खरं सांग. तुला यायचंय ना?"
यायचंय. त्याच्याशिवाय घर ओकंबोकं वाटतं. संध्याकाळी गेट वाजलं की अजून मान वळते. पण मी गेले की अक्का... बेळगावच्या वन्संकडे ती पाय ठेवत नाही. तिथल्या जावयानं एकदा काही बोलून दाखवलं, तेव्हापासून.
"आवाज तुटतोय" म्हणून ठेवला. आवाज तुटत नव्हता.

२ डिसें., मंगळ.
फोनवर मुलाखत झाली. बाईचा आवाज, सौम्य. गिरीश कामावर कधी जातो, जेवणात काय आवडत नाही (पडवळ), लग्नाला कोण होतं. सगळं पटापट सांगितलं, मुलं पाढे म्हणतात तसं.
"नवऱ्याचं आडनाव का घेतलं नाही?"
म्हटलं, घरात आम्ही दोघी देसाई आहोत. एकीला ते एकटीनं वागवायला लागू नये म्हणून. इंग्रजीत नीट उतरलं की नाही कुणास ठाऊक.
मग तिनं विचारलं, "तुम्ही इकडे आल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार?"
म्हटलं, "ठरलेलं नाही." ती "थँक यू" म्हणाली. निर्णय मेलनं कळेल.

४ डिसें., गुरु.
अक्कानं आज पुन्हा विचारलं, काय काय विचारलं ग त्यांनी. परवा टाळलं होतं. आज शेवटचा प्रश्नही सांगितला.
तिनं चहा संपवला, कप विसळला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बेळगावला फोन लावला. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.
"वसू, तुझी मागची खोली रिकामी आहे काय ग? ... नाही, सहज नाही. राहायला."
मी भाजी चिरत होते. तशीच उठले. तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "वन्सं, मी तुम्हाला नंतर करते." ठेवून दिला.
वाटलं, आता रागावेल. रागावली नाही. माझ्याकडे बघत राहिली.
"मग काय करणार आहेस तू?"
"माहीत नाही, अक्का."
"त्याला काय सांगणार?"
ते पण माहीत नाही. तिच्या शेजारी बसले. मेल अजून आलेली नाही. आली की काय लिहिलेलं असावं असं मला वाटतंय, ते इथंही लिहवत नाही.