हळद लावलेली पेंढी

ता. घनसावंगी
दि. ९ एप्रिल २००३

चि. पुंजाराम भावजी,

वैनीचा आशीर्वाद. इकडं समदे बरे हाये. पऱ्हाट्या उपटून झाल्या, तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पुण्यात ऊन लई असंल, दुपारचं फिरू नका. पाडव्याला तुमचं ताट वाढून ठिवलं होतं. तुम्ही आलेच न्हाई.

तुमचं पत्र मीच वाचलं, तुमचे दादा ऐकत बसले. इकडून धाडलेल्या पहिल्या पेंढीतल्या अंबाडीच्या वाखाच्या धाग्यांवर जंतू धरलेच न्हाई, दुसरीवर नुसते बुजबुजले, असं तुम्ही लिव्हलं. मोडल्या हाडावर बसवायची अन् हाड जुळल्यावर अंगातच विरून जायची ती तुमची वाखाची पट्टी आता होते का न्हाई, डिग्री राहते का जाते, तेबी लिव्हलं. अन् मंग ते वाक्य, की दादांनी दुसरी अंबाडी घाण पाण्यात भिजवली.

दादा चपला घालून ओढ्यावर गेले ते दिवस बुडाल्यावर आले. "एकाच डोहात, एकाच दिवशी भिजवली," एवढंच म्हणले. तवापासून तुमचं नाव काढलं की उठून जातात.

दादांचं खरं हाये, भावजी. आता पुढचं कसं लिहू, मलाच समजून न्हाई राह्यलं.

पहिली पेंढी पाठवायच्या आधी मी तिला हळद चोळली. नवं दावं बैलाला बांधायच्या आधी आपण लावतोच की! हे तर माणसाच्या अंगात जाणार, कोरडं कसं पाठवायचं? ओंजळभर हळद कालवून चोळली, वाळवली, झटकली. वाख आधीच पिवळसर, कोणाला दिसणार? दुसऱ्या पेंढीच्या वक्ताला भावकीतले सांडूबाबा वारले, आपल्याला सुतक. सुतकात हळद कोण लावतं? तशीच बांधून दिली.

आपण जखमेवर हळदच दाबतो. मंग जंतू अंबाडीनं मारले का माझ्या हळदीनं? मी तुमचं चांगलं केलं का वाटोळं? दोन्ही वाटून राह्यलं. पहिल्या वक्ताला तुमचं नाव छापून येणार म्हणून गल्लीत पेढे वाटले मी, बाई! खरं सांगावं तर तुमचं नुकसान, गप बसावं तर दादांवर आळ. आठ दिवस कोरा कागद घेऊन बसून राह्यले.

सोबत दोन पेंढ्या पाठवून राह्यले. एकाच डोहातल्या, एकाच दिवशी सोललेल्या. लाल दोरा बांधला तिला हळद हाये, दुसरीला बिलकुल न्हाई. तुमच्या मशीनला दाखवा.

पेंढ्या दादांनीच बांधल्या. दोन कशाला म्हणले, तवा समदं सांगून टाकलं. रागावले न्हाई. लई वेळ गाठ आवळत बसले. मंग म्हणले, "त्याला लिही, पट्टी होवो न होवो, पाणी साफ होतं."

तुमची, चुकलेली,
बायना वैनी