नव्वद दिवसांत माया नाही

चिरंजीव मास्तरांस,

ताईचा आशीर्वाद. रागात दिलेला आहे, पण पूर्ण मापाचा आहे. गुडघा कसा आहे? शेक घेतोस का? घेत नसशील तर आजपासून घे, कारण हे पत्र वाचून तुला घरभर येरझाऱ्या घालाव्या लागणार आहेत. मी ठणठणीत आहे (सगळा घोळ त्यातच आहे, पुढे सांगते). लेकीला नववा लागलाय. जावई बरे आहेत, म्हणजे सध्या उभे आहेत.

आता ऐक. तेहतीस वर्षं तू पोरांना गणित शिकवलंस. त्यांतल्या कुणी कुठे पूल बांधला असेल तर मला आधी कळव, मी त्यावरून जाणार नाही. निघण्यापूर्वी तुझ्या टेबलाशी बसून मी साधा प्रश्न विचारला होता. या व्हिसावर कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं, तर लेकीचं नवं घर लावून द्यायला मी गेले होते ते दिवस वजा करून मला किती उरतात? तू चष्मा कपाळावर चढवलास, पाठकोऱ्या कागदावर नव्वदातून पंधरा वजा केलेस, पंच्याहत्तरच्या खाली दोन रेघा मारल्यास आणि म्हणालास, बाळ बहात्तराव्या दिवशी, म्हणजे तीन दिवस हातात राहतात, निर्धास्त जा. (तू आणि तुझ्या बायकोने, दोघांनीही माझ्याबरोबर व्हिसा काढला होता आणि आयत्या वेळी तुझ्या गुडघ्याने अंग काढून घेतलं. घरबसल्या दुसऱ्याला निर्धास्त करणं फार सोपं असतं.)

गेल्या आठवड्यात जावयांनी सहज माझा पासपोर्ट उघडला आणि शिक्के वाचले. मागच्या खेपेचा आल्याचा शिक्का तीन तारखेचा, गेल्याचा एकवीसचा. एकोणीस दिवस, मास्तर! नव्वदातून एकोणीस गेले, उरले एकाहत्तर, आणि बाळ बहात्तराव्या दिवशी. ज्या दिवशी माझ्या लेकीला कळा येतील, त्याच्या आदल्या दिवशी मला हाकलून दिलेलं असेल. तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा ती दवाखान्यात एकटी होती, हे तुला सांगायला नको. त्या दिवशी मी फोन हातात धरून नुसती बसले होते. तेव्हापासून ठरवलं होतं की पुढच्या वेळी हिचा हात माझ्या हातात असेल. तू दोन रेघा मारून तो सोडवलास.

जावई आहेत की, असं म्हणशील. आहेत. बाळंतपणाच्या वर्गाला दोघं गेले होते. तिथे चित्रफीत सुरू झाली आणि जावई दोन खुर्च्यांसकट आडवे झाले. नर्सने त्यांना पाणी दिलं आणि लेकीला एक कागद दिला, आत सोबत येणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहायला. (हे पत्र जावईच फोटो काढून तुला पाठवणार आहेत. त्यांना माझं अक्षर लागत नाही, ते एक बरं आहे.)

मी काय हात बांधून बसले असं समजू नकोस. परदेशी माणसांच्या कचेरीत गेले. टोकन घेतलं, अडीच तास लोखंडी बाकावर काढले. काचेपलीकडे एक बाई कुंडीतल्या रोपाची पानं फडक्याने पुसत होती, माझ्याकडे बघायला तिला पाचवं पान पुसून व्हावं लागलं. मी म्हटलं, मी आले त्या दिवशी संध्याकाळी सहाला उतरले, तो अख्खा दिवस कसा धरता? तिने लेकीकरवी सांगितलं, उतरलात तो दिवस धरायचा, निघाल तो दिवसही धरायचा. मग मी तिला समजावलं की बाई, मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. कापड बेतताना दोन्ही बाजूंना थोडी माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवावी लागते, माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही. तुमच्या नव्वदात तीन दिवसांची माया ठेवा. लेकीने याचं भाषांतर काय केलं कोण जाणे, बाई म्हणाली, प्रेमाचा रकाना फॉर्ममध्ये नाही! तुम्ही स्वतः आजारी असाल तर थांबता येईल, डॉक्टरचा कागद आणा. डॉक्टरने दोन्ही हातांना पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि माझं अभिनंदन केलं. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.

घरी येऊन मी माझी शिवणाची टेप स्वयंपाकघरातल्या भिंतीला टोचली. एक सेंटीमीटर म्हणजे एक दिवस. पहिल्या एकोणिसांना लाल दोरा गुंडाळला. रोज सकाळी टाचणी पुढे सरकवते. आज ती सत्तरावर आहे. नव्वदावर मी विमानात, एक्क्याण्णवावर बाळ. टेपच्या टोकाची पितळी पट्टी मापात धरायची, हे मी शिकाऊ पोरींना ओरडून ओरडून शिकवलंय. कचेरीतली बाई टोकाच्या दिवसांचं तेच सांगत होती, म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. पण तुझा त्याहून जास्त आहे. तो पाठकोरा कागद मी फेकलेला नाही, येताना परत आणतेय.

तुझी,
ताई

ता. क. : तू म्हणशील, पंधरा दिवस हा आकडा तूच सांगितलास. सांगितला. पंधरा-वीस दिवस राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे सगळे पंधराच दिवस म्हणतात. तू मास्तर आहेस, शिक्के बघायचे होतेस.

ता. क. २ : नर्सच्या कागदावरचं नाव लेकीने काल भरलं. मी नव्वदावर जाणार म्हणताच तिने मामीचं लिहिलं, मला न विचारता. मी मशीनवर असायचे तेव्हा हिला तिनेच वाढवलं, हे मी विसरलेले नाही. तुझ्या बायकोच्या व्हिसाचे नव्वदच्या नव्वद दिवस कोरे पडलेत. टाचणी पंच्याऐंशीवर जायच्या आत तिला पाठव. तुझा गुडघा तू शेक.

ता. क. ३ : त्या ब्लाउजवरून आम्ही चार वर्षं बोलत नाही, हे ठाऊक आहे. काखेत दाटतो म्हणाली, तुमच्या शिवणीत माया नाही म्हणाली, आणि मी तिला जाडी म्हणाले. माझ्या भावजयीला सांग, तो घेऊन ये. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडलेली आहेत, तेव्हाच सोडली होती. रागात मी सांगितलं नाही. इथे पाच दिवस आम्ही दोघी असू, मी उसवून देते.