सपाट की हौदा

नांदुरा,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

ती. नणंदबाई केसरबाई यांना कोकिळाचा जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? पोरगी मयुरी शेगावले नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले आहे, तिचं बरं चाललं. झाली हालहवाल. मले जास्त लिहिता येत नाही, चौथीतून शाळा सुटली हे तुमाले माहीत आहे. अक्षर वाकडं दिसन, वाचून घ्या.

फोन काऊन नाही केला म्हणाल. एक तर दोन वर्सांपासून तुमी माहा फोन उचलत नाही. दुसरं, कोणाशी किती वेळ बोलली हे तुमचा भाऊ रोज संध्याकाळी माह्या मोबाइलात पाह्यते. म्हणून कागद.

मी नांदुऱ्यात गाडीच्या बॉडीवाल्याकडे बाकड्यावर बसून लिहून राह्यली. आपल्या पिकपचा हौदा सडला. तळाचा पत्रा इतका गेला की पाना ठेवला तर खाली रस्त्यावर पडे. सागर मिस्त्रीनं सकाळीच गॅसनं कापून काढला. आता गाडी नुसती केबिन अन सांगाडा, मुंडकं राह्यलेल्या कोंबडीवानी उभी आहे. मिस्त्री इचारून राह्यला, नवीन काय बसवू? तिन्हीकडून पत्र्याचा हौदा, का फाळके नसलेला सपाट पाट? चार वाजेपर्यंत सांगा म्हणते, पत्रा कापाचा आहे.

आमचं काम तुमी कधी डोळ्यांनं पाह्यलं नाही म्हणून सांगते. कोणाच्या बोरात मोटर जळली की आमी जातो. तिपाई उभी कराची, चेनकप्पी लावाची, एकेक पाइप वर घेऊन खोलाचा, शेवटी मोटर येते. बोर काही सडकेच्या कडेले नसते. पांदणीतून, म्हणजे वावरातल्या चिखलवाटेनं जा लागते, नाल्यातून जा लागते, कधी पऱ्हाटीच्या शेतातून. उन्हाळा लागला की पाणी खाली जाते अन आमाले जेवाले फुरसत नसते.

हौदा असला तर चेन, केबल, मोटर काही खाली पडत नाही, कितीही आदळू दे. पण पाइप वीस फुटाचे अन हौदा आठ फुटाचा. मांगचा फाळका उघडा टाका लागते अन पाइपाच्या शेंड्यावर माणूस बसवा लागते, वजनाले. या धंद्यात सगळेच बसवतात. तुमचा भाऊ तसाच बसला होता. आपला गडी रंगराव गाडी चालवत होता, पुढचं चाक नाल्यात गेलं, पाइप उसळले अन तुमचा भाऊ बांधाच्या दगडावर. कमरेखालचं गेलं ते गेलं, आता केबिनीत चढवताही येत नाही.

सपाट असलं तर केबिनीवरून लोखंडी घोडी करता येते, पाइप तिच्यावर झोपतात, साखळीनं आवळले की झालं. माणूस बसवाचं काम नाही. तीनही बाजूनं माल चढते. चिखल धुवाले सोपं. चेन-मोटरसाठी एक पेटी बसवली की झालं.

म्हणजे सपाटच बरं. यात इचाराचं काय आहे, असं तुमी म्हणाल. रंगरावही तेच म्हणते. मिस्त्रीही.

पण तुमचा भाऊ म्हणते हौदाच पाह्यजे.

काऊन, इचारलं. तर म्हणे, "हौद्यात गादी टाक. मले उचलून मांग ठेवा. मी येतो कामावर."

मी म्हटलं, "अन आदळलं तर?"

"तुले काय वाटते, मी आता अजून मोडीन? मोडाले राह्यलं काय?" मंग हसला. मंग म्हणे, "तू एकटी त्या गड्यांत मोटर काढते. तुले त्यातलं काय समजते? मी पाहीन, मी सांगीन."

बाई, दोन वर्सं झाली, चाळीस गावच्या मोटरी काढल्या म्या. मले समजते. पण ते बोलली नाही.

मले बोलाचं ते भलतंच आहे अन त्याच्यासाठीच हा कागद घेतला, अन तेच सोडून सगळं लिहून राह्यली. मिस्त्रीनं मधात चहा दिला, तो पेली. आता लिहिते.

तुमी दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "माहा भाऊ पडला अन ही इस्टेरिंगवर बसली." मले तेव्हा लय राग आला होता. खोटं बोलता म्हणून नाही आला. खरं बोलले म्हणून आला.

लग्नाले सत्तावीस वर्सं झाली. त्यातले पंचवीस मी बाजारालेही एकटी गेली नाही. हा मारत नव्हता, दारूही नाही, तुमाले माहीत आहे. नुसतं इचारे. कुठी गेली, काऊन गेली, इतका वेळ काऊन लागला. मंग हा पडला, गाडी दारात उभी राह्यली, मयुरीची फी भराची होती. रंगरावनं मले वावरात गाडी शिकवली. पंधरा दिवसांत शिकली. पहिल्यांदा एकटी पांदणीत घातली तेव्हा केबिनीत कोणी इचारणारं नव्हतं. पांदणीत फोनले रेंज नसते. दोन-दोन घंटे नसते. घरी जाऊन बारा मिस कॉल पाहाचे ते पाहाचे, पण ते दोन घंटे माहे.

तुमचा भाऊ पडला म्हणून मी सुटली. हे मी कोणाले बोलली नाही. मयुरीलेही नाही.

म्हणून सपाट पाह्यजे होतं. पाइपासाठी बी पाह्यजे, पण पहिलं यासाठी, की सपाटावर त्याले नेता येत नाही.

आता पुढचं ऐका. तीन वाजता मिस्त्री हसत आला. म्हणे, "वहिनी, भाऊचा फोन आला होता. म्हणते सपाट करा तर करा, पण चार कोपऱ्याले चार कड्या वेल्ड करून द्या. बाज बांधता येईन."

मी कागद उलटा ठेवला.

मिस्त्री म्हणे, "भाऊचं डोकं मस्त चालते राजेहो! सांगा आता, लावू का? लग्न तुमचं, पण वेल्डिंग माही, मले लाइट जायच्या आंदी काम पाह्यजे."

"थांब जरा. जीव नको खाऊ," मी म्हटलं.

कोणती बी बॉडी घेतली तरी हा येतेच. असं वाटलं, या सांगाड्यावर मिस्त्री मलेच वेल्ड करून राह्यला.

अर्धा घंटा बसली. कड्या लावू नको, असं दोनदा तोंडावर आलं. मंग त्याची खोली आठवली. एक खिडकी आहे अन ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. दोन वर्सांपासून तो ती भिंत पाह्यते. माणूस पांदणीतलाच, माह्याहून जास्त. त्यालेही बाहेर पडाचं आहे, अन बाहेर न्याले माह्याशिवाय कोणी नाही. हे समजते मले. समजूनही त्याले सोबत न्याचा जीव होत नाही. दोन्ही खरं आहे, बाई. कोणतं खोडू?

शेवटी मिस्त्रीले सांगितलं, "सपाट कर. कड्या लाव, चारही. पण वेल्ड नको करू. नटबोल्टावर बसव."

"ढिल्या होतीन वहिनी, पांदणीत."

"होऊ दे. निघाच्या वेळेस मी आवळीन. पाना माह्यापाशी राहीन."

 मंग म्हणे, "भाऊले काय सांगू?"

"तू काही सांगू नको. मी सांगीन."

आज घरी गेल्यावर चहा देईन अन तोंडावर सांगीन. सडकेजवळचं बोर असन त्या दिवशी बाज बांधीन, रंगराव अन मी उचलून नेऊ, बसून पाह्यजे तितकं सांगू दे. अन पांदणीतलं काम असन त्या दिवशी कड्या काढून पेटीत ठेवीन अन एकटी जाईन. तो काय म्हणते माहीत नाही. बोलणंच बंद करीन कदाचित. आजवर मी त्याले नाही म्हटलेलं नाही, मले त्याची सवय नाही, त्यालेही नाही.

हा कागद तुमाले भेटेपर्यंत जे व्हाचं ते होऊन गेलं असन. तो तुमाले फोन करीनच. बायको मले कड्या काढून घरी टाकून जाते, असं सांगीन. ते खरं आहे. मी हो म्हणीन. पण बाकीचंही तुमाले ठाऊक असावं, माह्या तोंडून, म्हणून लिहिलं. त्याची बाजू घ्या, तुमचा भाऊ आहे. मले फक्त खोटारडी म्हणू नका.

मिस्त्रीनं पाटाचं वेल्डिंग सुरू केलं, डोळे दिपून राह्यले, पुढं लिहिता येत नाही. कागद वाचूनही पाह्यत नाही, वाचला तर फाडीन. असाच टपालपेटीत टाकते.

तुमच्या भावाची बायको, अन या गाडीची डायव्हर,
कोकिळा