व्हर्लिनची घंटा चाळीस सेकंद आधी वाजते

मिल क्रीक रस्ता, विस्कॉन्सिन
ऑक्टोबर, दुसरा मंगळवार

आदरणीय आर्डिसताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, बर्फ पडायच्या आतला हा नमस्कार. तुझा नवा खुबा कसा आहे? जिना चढतेस का, की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? ॲरिझोनात निवडुंगाला फूल आलं असं लिहिलंस. आलं असेल. आमच्याकडे शेवटचे टोमॅटो कागदात गुंडाळून तळघरात ठेवलेत, लव्हॉनचे गुडघे हवा बदलायच्या एक दिवस आधी कुरकुरतात, आणि माझी तब्येत उत्तम आहे. (उत्तम नाही. पोटात जळजळतं. डॉक्टर म्हणतात, आम्लपित्त. लव्हॉन म्हणते, व्हर्लिन.)

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. तुला आठवत असेल, या रस्त्यावर केबल पहिल्यांदा आली ती माझ्या घरात. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून रविवारी आपल्या संघाचा फुटबॉलचा सामना असला की सगळा रस्ता माझ्या बैठकीच्या खोलीत. चर्चमधून बाहेर पडायचं, पाद्रीबाबांचा हात हातात घ्यायचा आणि तडक डेल्बर्टचं घर गाठायचं. ऑर्विल (तोच, मटणाच्या दुकानाचा) सॉसेज आणायचा. युनिस, जी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, ती विणकाम आणायची आणि पंचांना अशा शिव्या द्यायची की तिच्या हातातल्या सुयांनीही माना खाली घालाव्यात. शुल्झ बंधू दोघांत मिळून एकच वाक्य आणायचे. (“गार पडलंय.” “पडलंय खरं.”) आणि समोरच्या घरातला व्हर्लिन रिकाम्या हातांनी यायचा, पण हसत यायचा. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. खुर्ची बदलली की आपण हरतो, हे आमच्याकडे पाद्रीबाबासुद्धा मान्य करतात. रिमोट माझ्या हातात. ताई, मी जन्मभर दुधाचा टँकर हाकला, शाळा आठवीत सुटली, चर्चच्या समितीवर मला कुणी घेतलं नाही. पण रविवारी दुपारी बारा ते तीन मी या रस्त्याचा राजा होतो.

तर या वसंतात व्हर्लिनने केबल तोडली. तोडली तर तोडली, गप्प बसावं की नाही? पण नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे क्लबात तळलेले मासे खायला जमतो, तिथे त्याने ते जाहीर केलं. गॅरेजच्या छपरावर एक अँटेना बसवलाय, सामने फुकटात हवेतून येतात, इंटरनेटवरचे जुने सिनेमे बघायला अंगठ्याएवढी एक कांडी टीव्हीच्या मागे खोचलीय, संपलं. असं म्हणून त्याने खिशातून ती कांडी काढली. (मासे खायला जाताना कोण कांडी बरोबर नेतं? तूच सांग.) ती टेबलावर हातोहात फिरली. ऑर्विलने ती वासराचा कान बघावा तशी उलटीपालटी करून पाहिली. युनिस म्हणाली, “व्हर्लिन, तुझं डोकं शाळेची बस चालवण्यात फुकट गेलं बघ!” आणि माझी बायको लव्हॉन, जिने चव्वेचाळीस वर्षांत माझ्या डोक्याबद्दल चांगलं-वाईट अवाक्षर काढलेलं नाही, ती माशावर लिंबू पिळता पिळता म्हणाली, “हुशार आहे हो व्हर्लिन.” माझ्या घशात काटा अडकला. खरोखरचा नाही.

त्या रात्रीच मी ठरवलं, आपणही केबल तोडायची. पण अँटेना लावायचा नाही. एक तर अँटेना आपल्या बाबांच्या काळातला, आणि दुसरं म्हणजे तो व्हर्लिनने लावलाय. त्याची नक्कल केली असं कुणी म्हणालं तर मी जिवंत राहणार नाही. आपण त्याच्या पुढचं पाऊल टाकायचं, सगळं इंटरनेटवरून घ्यायचं.

केबल तोडायला कंपनीत फोन केला. पलीकडे मारिबेल नावाची मुलगी. इतका गोड आवाज, ताई, की ‘नको’ म्हणायला जीभ वळेना. आणि आपल्याकडे तोंडावर ‘नको’ म्हणायची पद्धत कुठे आहे? आई दारावर आलेल्या झाडूवाल्यालाही आधी कॉफी पाजायची आणि मग तीन झाडू घ्यायची. मारिबेलने विचारलं, का सोडताय? मी म्हटलं, तसं काही नाही, तुमची केबल फार छान आहे. ती म्हणाली, मग आणखी चाळीस वाहिन्या देते. मी म्हटलं, तुम्हाला त्रास नसेल तर द्या. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिच्या आईच्या पाठदुखीची चौकशी झाली, लव्हॉनच्या शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याची कृती मी तिला लिहून घ्यायला लावली, आणि घरात केबलचं आणखी एक खोकं आलं. तिसऱ्यांदा लव्हॉनने माझ्या हातातून फोन घेतला, म्हणाली, “बाई गं, तोड ती,” आणि खाली ठेवला. मला दोन दिवस चैन पडेना. त्या मुलीला काय वाटलं असेल?

मग मी कांडी आणली. व्हर्लिनची अंगठ्याएवढी, म्हणून माझी तळहाताएवढी. शिवाय एक चौकोनी डबी, शिवाय बोलणारा रिमोट. वर्गणी घ्यायला बसलो तर फुटबॉल एकीकडे, बातम्या दुसरीकडे, लव्हॉनच्या खुनांच्या मालिका तिसरीकडे, आणि चौथी सेवा काय दाखवते ते मला अजून कळलेलं नाही, पण ती व्हर्लिनकडे नाही. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड. तो रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर शोधत लिहायचा. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, सापशिडीतल्या नव्याण्णववरच्या सापासारखं. चारही पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजवर लावले. युनिस आली, कागद वाचला आणि म्हणाली, “डेल्बर्ट, चारही पासवर्ड तुझ्या कुत्र्याच्या नावाचे का रे?” मग लव्हॉनने तो कागद उतरवला आणि इतका जपून ठेवला की तो आता तिलाही सापडत नाही.

तरी सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला सगळं जमून आलं होतं. खुर्च्या पुसल्या, बिअर गार केली, लव्हॉनने मोठ्या भांड्यात चीजचं सूप केलं. सगळे आले. फक्त व्हर्लिन नाही. त्याने फाटकातूनच सांगितलं, “आता घरीच दिसतंय रे, उगाच लव्हॉनला कशाला त्रास?” मी तोंडाने “अरेरे” म्हणालो आणि मनात म्हटलं, बैस एकटा अँटेनाखाली.

चित्र काय सुरेख आलं, ताई! गवताची पाती मोजावीत. आपली पोरं चेंडू घेऊन निघाली, सगळे पुढे सरकले, युनिसची सुई थांबली, आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून, व्हर्लिनच्या उघड्या गॅरेजातून, घण-घण-घण अशी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. ही त्याच्या वडिलांच्या गाईची घंटा. आपल्याला गुण मिळाले की वाजवायला पूर्वी तो ती माझ्याकडेही आणायचा. मीच बंद करायला लावली. (सगळे टीव्हीऐवजी त्याच्याकडे बघायचे. सांगताना मात्र मी कुत्रा दचकतो असं सांगितलं होतं.) आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या पडद्यावर तर अजून आपली पोरं मैदानाच्या मधोमध पुढची चाल ठरवत घोळका करून उभी. मग ती रांगेत लागली, चेंडू उडाला, झेलला गेला, रेषेपार गेला. पण खोलीत कुणी ओरडलं नाही. शिळी बातमी ऐकल्यासारखे सगळे म्हणाले, “हं. छान.”

युनिसने घड्याळ लावलं. चाळीस सेकंद. ती म्हणाली, “त्याचं हवेतून सरळ येतं डेल्बर्ट, तुझं गावभर दारोदार कॉफी पीत येतं.”

त्यानंतर माझ्या घरात सामना कुणी बघितला नाही. सगळे घंटा ऐकत बसले. आपली पोरं रेषेपासून एका हातावर असली तरी ऑर्विल आरामात उठायचा, “घंटा नाही झाली ना लेका, म्हणजे यात काही राम नाही. जाऊन येतो मी.” मी खिडक्या लावल्या. पंखा लावला. आवाज इतका वाढवला की कुत्रा तळघरात गेला. घंटा येतच राहिली. मध्यंतर झालं आणि ऑर्विलने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली, “बरं, मग...”

तुला तिकडे जाऊन वीस वर्षं झाली, पण आपल्याकडची गुडघ्यावरची थाप तू विसरली नसशील. थाप म्हणजे निघण्याची फक्त सुरुवात. मग उभं राहून दहा मिनिटं, दारात पंधरा, पायऱ्यांवर दहा, मग गाडीची काच खाली करून पुन्हा दहा. एकतीस वर्षांत माझ्या घरातून पाऊण तासाच्या आत कुणी बाहेर पडलं नव्हतं. ऑर्विल चार मिनिटांत गेला, ताई. चार! पाठोपाठ शुल्झ बंधू. (“जरा बघून येतो.” “येतो खरं.”) खुर्ची बदलली तर हरू, म्हणून दोघांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. युनिसने जाताना माझा खांदा थोपटला, जणू माझ्या घरात कुणी वारलंय. आणि शेवटी लव्हॉन. दोन्ही हातांत सुपाचं भांडं. म्हणाली, “गॅरेजात गारठा आहे रे, त्यांना काहीतरी गरम नको का?” मी म्हटलं, “आणि मला?” तर म्हणाली, “तुला चाळीस सेकंदांनी देते.” रस्त्याच्या मधोमध पोचेपर्यंत तिचे खांदे हलत होते. हसत होती ती.

सोमवारी मी ठणकावून सांगायला गेलो. पाठ करून गेलो होतो: व्हर्लिन, ती घंटा बंद कर. त्याने दार उघडलं, “ये ये, बस,” म्हणाला, कॉफी ओतली. मी म्हटलं, पाऊस बरा झाला यंदा. तो म्हणाला, बरा झाला. मी म्हटलं, घंटेचा आवाज अजून खणखणीत आहे हो तुझ्या. तो म्हणाला, “ऐकू येते ना तिकडे? मला वाटलंच तुला आवडेल!” दोन तासांनी मी घरी आलो तो हातात त्याच्या परसातल्या सात झुकिनी, त्याच्या भाचीच्या लग्नाचं आमंत्रण, आणि गेल्या हिवाळ्यात त्याचा बर्फ काढायला गेलो नाही याबद्दल मी मागितलेली माफी, असा ऐवज घेऊन. घंटेचा विषय तसाच राहिला.

त्याला आता पाच रविवार झाले. त्याच्या गॅरेजात खुर्च्या वाढल्या, पाद्रीबाबाही येतात म्हणे. मी एकटा माझ्या खुर्चीत, तळहाताएवढी कांडी, चार वर्गण्या, समोर गवताचं पातं न् पातं. तिकडे हसू फुटतं आणि मी चाळीस सेकंद थांबतो, त्यांना कशाचं हसू आलं ते बघायला. बहुतेक वेळा पडद्यावर हसण्यासारखं काहीच नसतं. ते दुसऱ्याच कशाला तरी हसत असतात, ताई, आणि ते कुठल्याही वर्गणीत येत नाही.

असो. मला कुणाचा हेवा वाटत नाही हे तुला ठाऊकच आहे. खुब्याला जप. उन्हात टोपी घाल. तुला माझा नमस्कार आणि घरातल्या धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. एक बारीकसं काम होतं. शाळेच्या नाचाला व्हर्लिन तुला त्याच्या वडिलांच्या गाडीतून घेऊन गेला होता, आणि अजूनही दर नाताळात “आर्डिस कशी आहे?” असं विचारताना तो टोपी काढतो. तर येत्या रविवारी, आमच्या घड्याळात बरोबर बाराला, तू त्याला फोन कर आणि तीन वाजेपर्यंत सोडू नकोस. काहीही बोल. निवडुंगाचं बोल, खुब्याचं बोल. एका हातात फोन असला की त्याला घंटा नीट हलवता येणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं खोड. फोन करू नकोस. आधीच माझ्या खुर्च्या त्याच्याकडे, माणसं त्याच्याकडे, बायको आणि सूप त्याच्याकडे. आता बहीणही तीन तास त्याच्याकडे? माझ्याशी तू महिन्यातून दहा मिनिटं बोलतेस, त्यातली चार हवामानावर. तेव्हा रविवारी बाराला फोन मलाच कर. घरात तसं कुणी नसतं. तू तिकडे सामना लाव, मी इकडे लावतो. पुढे-मागे झाला तरी चालेल.

ता. क. तिसरा. आणि मी फोन उचललाच नाही, तर काळजी करू नकोस. समज की समोर व्हर्लिनची शिडी परत करायला गेलोय. एकोणीस वर्षं माझ्याकडे पडून आहे, बरं नाही दिसत. शिडी लांब आहे. तीन तरी वाजतील.